आत्याचा संध्याकाळचा आवाज

अर्ध्याला ‘अर्ध्या’ हे नाव आत्यानंच ठेवलं होतं, आणि उगाच नव्हतं ठेवलं. गिटार दोन सुरांपर्यंत, पोहणं कमरेएवढ्या पाण्यापर्यंत, लग्नाची बोलणी दुसऱ्या भेटीपर्यंत. हा मुलगा काज करेल आणि बटण लावायचं विसरेल, असं ती गिऱ्हाइकांदेखत म्हणायची. आत्या कपडे शिवायची. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, तोही एकटीचा. तिच्या जिभेपुढे कात्री बोथट वाटायची, आणि घाला पडला तो नेमका त्या जिभेवरच. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. आत्या वाचली, हातपाय हळूहळू चालू लागले, डोकं तर पहिल्यासारखंच लख्ख. पण मनात नीट तयार झालेला शब्द तोंडाबाहेर पडेपर्यंत त्याचा पार लगदा व्हायचा.

अर्ध्याचे बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. माणूस मायाळू, पण एकदा ठरवलं की ठरवलं. बहिणीनं घर बंद करून आपल्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं, असं त्यांनी ठरवलं. एकटी असताना पडली-झडली तर फोनवर सांगणार काय आणि समजणार कुणाला, हा त्यांचा सवाल होता. आत्यानं नकाराची मान अशी हलवली की चष्मा नाकावरून घसरला. तिला तिचं घर हवं होतं, तिचं मशीन हवं होतं, आणि दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून जगाची उणीदुणी काढायची होती.

तेव्हा अर्ध्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनावर घेतलं. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचं काम बघायचा. रोज सकाळी कामावर जाताना तो आत्याकडे थांबायचा आणि तिच्याकडून वाक्यं बोलून घ्यायचा. त्या वाक्यांवर त्यानं एक मॉडेल शिकवून तयार केलं. आत्यानं टॅबसमोर बोलायचं, मॉडेलनं तो लगदा ओळखायचा, आणि टॅबनं तेच वाक्य स्वच्छ आवाजात म्हणायचं. आणि काय सांगावं, जमलं की! टॅबमधून पहिलं वाक्य आलं, “केस काप, माकडा,” आणि ते ऐकून अर्ध्याला रडू आलं.

पण घोडं पेंड खायचं ते संध्याकाळी. अर्ध्या कामावरून परतताना पुन्हा डोकवायचा, नेमके तेव्हाच कधीमधी बाबाही यायचे, आत्या तोंड उघडायची आणि टॅब म्हणायचा, “निळा दोरा बशीत झोपला.” बाबा कपाळाला हात लावायचे. आत्या पुन्हा एकदा प्रयत्न करायची, मग भिंतीकडे तोंड फिरवून बसायची. दिवेलागण झाली की हिला रुसायला होतं, असं घरात सगळे म्हणू लागले. शेवटी बाबांनी सांगून टाकलं की रविवारी संध्याकाळी येतो. तोवर ते यंत्र धड बोललं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं.

आता हे मॉडेल काही त्या टॅबमध्ये मावण्यातलं नव्हतं. ते राहायचं भाड्याच्या एका प्लॅटफॉर्मवर, दूर कुठल्याशा मोठ्या कॉम्प्युटरांत. टॅब तिकडे आवाज पाठवायचा, तिकडून वाक्य यायचं. तिथं नवं मॉडेल चढवायचं म्हटलं की अर्ध्याला घाम फुटायचा, कारण मागच्या खेपेला त्याच्या चुकीनं चालू असलेलंही बंद पडलं होतं आणि आत्या चार दिवस मुकी झाली होती. म्हणून शनिवारी दुपारी त्यानं ऑफिसात ज्याचं गुणगान चाललं होतं, तो एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणारा प्रोग्रॅम, प्लॅटफॉर्मला जोडायचं ठरवलं. कापडं बेतायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. आत्या शेजारी बसून एक जुना झगा उसवत होती आणि मधूनच त्याच्याकडे असं बघत होती, की झालं, हेही अर्धंच राहणार.

जोडणं म्हणजे एजंटला प्लॅटफॉर्मचा पत्ता द्यायचा आणि प्लॅटफॉर्मनं काढून दिलेली एक किल्ली द्यायची, आकड्या-अक्षरांची भली लांबलचक. एक किल्ली नुसतं बघण्यापुरती असते, दुसरीनं बदलही करता येतात. दुधानं तोंड पोळलेल्या अर्ध्यानं बघण्यापुरतीच दिली. मग त्यानं लिहिलं, की आत्याचं बोलणं ओळखणारं हे मॉडेल नीट चालत नाही, यापेक्षा चांगलं कसं चढवू?

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. एजंट प्लॅटफॉर्मच्या एकेका खोलीत शिरत होता, काय आहे ते बघत होता, आणि काही न हलवता बाहेर येत होता. अर्ध्याला वाटलं होतं, आता तो चढवायची रीत सांगेल. त्यानं ती सांगितलीच नाही. त्यानं लिहिलं:

“मॉडेल सगळीकडे चुकत नाहीये. सकाळी ते जवळजवळ प्रत्येक वाक्य ओळखतं. दुपार कलली की अडखळतं, आणि संध्याकाळी त्याला काहीच कळत नाही. तुम्ही शिकवायला वापरलेली सगळी वाक्यं सकाळची आहेत. या बाई दिवसभरात दमत असाव्यात, आणि दमल्यावर त्यांचा आवाज बदलत असावा.”

अर्ध्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. यानं आत्याचा चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही. त्याच्या हाती होत्या फक्त वेळा, आणि मॉडेलला कितपत कळलं त्याचे आकडे. तेवढ्यावरून त्याला दिसलं, आणि घरातल्या डोळे-कान असलेल्या शहाण्यांना दिसलं नाही. अर्ध्यानं ते आत्याला वाचून दाखवलं. तिनं झगा मांडीवर टाकला आणि हो, हो, हो अशी मान हलवत राहिली. ती रुसत नव्हती, दमत होती.

मग संध्याकाळची वाक्यं आणायची कुठून? ती तर होतीच. न कळलेलं प्रत्येक वाक्य प्लॅटफॉर्मवर साठून राहिलं होतं, ढीगच्या ढीग. पण त्यांचा अर्थ कोण लावणार? एजंटनं लिहिलं, की मी ती उघडलेली नाहीत, आणि त्या बाईंना विचारल्याशिवाय कुणीच उघडू नयेत. त्यांची हरकत नसेल तर उद्या सकाळी त्यांनाच ऐकवा. आपण काय म्हणालो होतो ते त्यांना कळेल. ते त्या सकाळच्या आवाजात पुन्हा म्हणतील, आणि तो आवाज आताच्या मॉडेलला समजतो.

अर्ध्या खुर्चीवरून उठलाच. म्हणजे सकाळची आत्या संध्याकाळच्या आत्याची दुभाषी! इतकं सोपं, इतकं डोळ्यांसमोरचं, आणि सात जन्मांत आपल्याला सुचलं नसतं, असं तो तिला सांगत सुटला. आत्यानं टॅब ओढला. टॅब म्हणाला, “ते माहीतच आहे.”

रविवारी सकाळी ती केस विंचरून तयारच बसली होती. अर्ध्या एकेक वाक्य लावायचा. नुसता घोगरा, ओला आवाज. त्याला त्यात एक अक्षर कळत नव्हतं. आत्या कान देऊन ऐकायची आणि तेच पुन्हा म्हणायची. पंखा कमी कर. दादा, तुझी विजार आखूड झालीय. या बाईचा चेहरा कशाला लावलास टीव्हीवर, बघवत नाही. अर्ध्या हसून हसून बेजार झाला, आणि संध्याकाळची गप्प आत्या त्या ढिगातून जिवंत होऊन समोर येऊ लागली.

मग एक छोटं वाक्य आलं, आणि आत्यानं ते न म्हणता पुढचं लावायला हातानं खुणावलं. पुढचं लावलं, तर पुन्हा तेच वाक्य, दुसऱ्या दिवसाचं. त्यानंतरही तेच. ते रोजचं होतं, अर्ध्या निघायच्या वेळचं. त्याला आवाजावरून तेवढं ओळखता आलं, कारण त्यावर तो रोज “हो हो” म्हणायचा आणि दिवा मालवून जायचा.

आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती. ती काहीही सांगू शकली असती. कोण तपासणार होतं? एजंटनं आधीच लिहून ठेवलं होतं, की नको वाटेल ते वाक्य सोडून द्या. अर्ध्याही म्हणाला, राहू दे आत्या, पुढचं घेऊ. तिनं दुकानाच्या दाराकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग ती टॅबकडे वाकून सावकाश बोलली.

टॅब म्हणाला, “जाऊ नकोस रे इतक्यात. रात्रीची भीती वाटते मला.”

रोज हिनं हे सांगावं आणि आपण रोज दिवा मालवावा! पण लगेच अर्ध्याला बाबा आठवले. हे वाक्य मॉडेलला शिकवलं, तर संध्याकाळी आत्या ते बाबांसमोर बोलू शकणार, आणि बाबांनी ते ऐकलं की घर गेलंच म्हणून समजा. तो म्हणाला, पुसून टाकतो, कुणाला कळायचं नाही. आत्यानं त्याचं मनगट धरलं.

“ठेव,” टॅब म्हणाला. “खोटं शिकवलंस तर ते खोटंच बोलेल.”

दुपारी अर्ध्यानं एजंटला दुसरी किल्ली दिली, बदल करण्याची. पण एजंटनं चालू असलेल्या मॉडेलला बोटही लावलं नाही. शेजारीच त्यानं नवं शिकवायला घेतलं आणि उभं केलं. न शिकवलेली काही वाक्यं बाजूला ठेवली होती, त्यांवर त्याची परीक्षा घेतली. कुठं चुकतंय तेही न लपवता सांगितलं. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही मॉडेलं राहतील. ज्याला जास्त कळेल ते बोलेल. आणि एवढं सगळं करून एजंट थांबला आणि त्यानं विचारलं, “बदलू का?” पहाट होताना माणूस नुसतं बघत राहतं, तसा अर्ध्या पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं हो लिहिलं.

संध्याकाळी बाबा आले ते रिकामी बॅग घेऊनच. आत्याचा आवाज तोवर पार बसला होता. बाबांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही. ते समोर बसले आणि म्हणाले, “खरं सांग, एकटी राहशील?”

आत्या बोलली. नुसती घरघर ऐकू आली. बाबांनी अर्ध्याकडे पाहिलं.

“राहीन,” टॅब म्हणाला. “रात्रीची भीती वाटते. तरी राहीन. तू रोज येऊन बसत जा. उपदेश न करता.”

ही बहीण कधी कशाला घाबरल्याचं बाबांनी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्यांना उपदेश करू नको म्हणणारंही किती तरी दिवसांत कुणी भेटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

“अजून बोल,” ते म्हणाले.