मैंदर्गीत मी वारलो

मी वारल्याची बातमी मला बायकोच्या मामांकडून कळली.

१९७४ सालची गोष्ट. सोलापुरात मंगळवार पेठेत माझं भुसाराचं दुकान. बायको सुंदरम्मा सिनेमात गाते, म्हणजे पडद्यावर ओठ हलवणारी नटी वेगळी आणि आवाज हिचा. तोवर तिनं घोळक्यातलीच गाणी म्हटली होती. एकटीचं असं पहिलं गाणं मिळालं, ते नवऱ्याच्या मढ्याशी बसून म्हणायचं. तो सिनेमा तिच्या माहेरी, मैंदर्गीच्या तंबूत लागला आणि अख्ख्या गावानं आवाज ओळखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगप्पामामा दारात हजर. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीचं गाठोडं घेऊन आलेले. दार मीच उघडलं. ते माझ्याच गळ्यात पडून माझ्यासाठी रडले. मग जरा सावरून त्यांनी मला खालीवर न्याहाळलं, तरी त्यांचं समाधान होईना. मी सांगितलं, मामा, तो सिनेमा होता, मेला तो नट, आणि तोसुद्धा आत्ता कुठंतरी चहा पीत बसला असेल.

"पडद्यावरची बाई कोन का आसंना," मामा म्हणाले, "रडत हुती ती आमची सुंदरम्मा. लई शानी पोर हाय ती. उगं कशाला रडंल?"

मी गाठोडं सोडलं. पिठलं चांगलं होतं, ते मीच संपवलं.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. मी गल्ल्यावर बसलेला असायचो आणि गिऱ्हाईक हळू आवाजात तूरडाळ मागायचं. शेजारचा बसप्पा तसा शहाणा व्यापारी, पण त्यानंही व्यापाऱ्यांच्या बैठकीत सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. मीही उभा राहिलो. बसून राहणं बरं दिसलं नसतं. नंतर तो माझ्याविषयी चार शब्द बोलला आणि मला अगदी भरून आलं. हाच माणूस रोज सकाळी त्याचा केर माझ्या पायरीवर लोटायचा.

इथवर गंमत होती. पण सुंदरम्माला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. तोंडावर कुणी काही बोलत नसे, ती दिसली की करंडा गुपचूप दुसरीकडे वळायचा. ते पाहून माझी अव्वा, म्हणजे आई नागव्वा, हबकली. सुनेनं यापुढं रडकं गाणं म्हटलं तर मी अन्न सोडीन, असं तिनं ठणकावून सांगितलं. सुंदरम्मानं मान डोलावली आणि गाणंच सोडलं. भाकरी थापतानाही ती गुणगुणेना. लोकांनी मला मेलेला धरलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण ही जिवंतपणी गप्प झाली याचा फार संताप यायचा.

नेमकं तेव्हाच मुंबईहून एका मोठ्या संगीतकारांचं बोलावणं आलं. पहिलं गाणं ऐकूनच त्यांनी हिला निवडलं होतं, त्यामुळं गाणं पुन्हा विधवेचंच. जमलं तर पुढची गाणी हिला, नाही जमलं तर दुसरी गायिका तयारच होती. मी अव्वाशी कडाकडा भांडलो. शेवटी ती एका अटीवर राजी झाली.

"गानं सरंपर्यंत तू तिच्या म्होरं ऱ्हायाचं. तिला तू दिसाय पायजेस. मग काय बी व्हनार न्हाय."

सुंदरम्मानं तिच्या पायांवर हात ठेवून तसा शब्द दिला.

तर मुंबईत माईकसमोर ती, आणि तिच्यासमोर स्टुलावर मी. पहिली ओळ झाली आणि काचेमागून संगीतकारांनी थांबवलं. सूर पक्का होता, दुःखाचा पत्ता नव्हता. ती माझ्याकडं बघायची आणि नवरा गेलाय तो बाजारात, अशा आवाजात गायची. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दुसरी गायिका बाहेर बाकावर येऊन बसली. संगीतकारांनी मला बाहेर जायला सांगितलं, तर सुंदरम्मा म्हणाली, सासूबाईंना शब्द दिलाय, ते समोरच राहतील. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, राहू देत समोर, पण आडवे राहू देत.

आमच्या लिंगायतांत मेलेल्याला बसवतात, हे मी सांगून पाहिलं. पण बसलेला मी त्यांनी पुरेसा पाहिला होता. मला फरशीवर निजवून वादकांच्या बैठकीची पांढरी चादर तोंडावरून ओढली. तबलजीनं पायाचे अंगठे बांधू का, असं विचारलं, तेवढ्याला मी नको म्हटलं.

सुंदरम्मा गायली. चादरीखाली मला फक्त आवाज येत होता. ओळ अगदी साधी होती, ताट वाढलंय, उठा ना. इतक्या वर्षांच्या संसारात ती मला रोजच जेवायला उठवत होती, पण असं कधी उठवलं नव्हतं. आणि मी उठत नव्हतो. मला हुंदका आवरेना.

वाद्यं थांबली.

"त्या मयताला गप्प राहायला सांगा," काचेमागून आवाज आला. "माईकमध्ये येतंय."

सुंदरम्मा माझ्याजवळ येऊन बसली. तिनं चादरीचा कोपरा उचलला आणि पदरानं माझं तोंड पुसलं. तिचेही डोळे भरले होते.

"अवो, थोडा वेळ मरा की," ती हळूच म्हणाली. "माजं गानं हाय."

तिनं चादर पुन्हा ओढली. मी श्वास धरला आणि मन लावून मेलो.