केझायाचं झाकण

आमच्या व्हरमाँटात मार्च आला की मेपलच्या झाडांना भोकं पाडून खाली गोड रसासाठी बादल्या टांगतात, आणि आभाळ नेमकं तेव्हाच त्यांत बर्फ, पाऊस, पालापाचोळा, हाताला लागेल ते ओततं. एका वर्षी माझ्या बादलीत जिवंत घुबड निघालं आणि निघताना त्याने वर आणखी रस मागितला.

यावर आमच्या गावच्या केझाया ट्रास्कने बादलीचं झाकण शोधून काढलं. बोटाने उचललं की उघडायचं, सोडलं की टप्पकन मिटायचं. अस्वलांनाही ते उघडेना. एक तर माझ्या दारात येऊन रडलं.

पेटंट मात्र निघालं तिच्या नवऱ्याच्या, अझाहेलच्या नावाने.

"अगं, बाईच्या नावाने आलं तर लोक काय म्हणतील? ट्रास्कला साधं झाकण सुचत नाही?" तो म्हणाला.

"सुचलं कुठे होतं?" केझाया म्हणाली आणि रस आटवायच्या कढईखाली लाकडं सारत राहिली.

आमच्याकडे बायकोच्या मुरंब्याचं बक्षीसही जत्रेत नवराच टोपी उडवत घेतो. त्याच सवयीने अझाहेलने पेटंट मागताना बायबलवर हात ठेवून सांगितलं, हा शोध माझा.

झाकण खपलं. काही वर्षांनी पलीकडच्या गावचा पत्रेवाला लोवेल हुबेहूब तसंच विकू लागला, तेव्हा अझाहेल कोर्टात गेला. जिंकला तर झाकण ट्रास्कांचं. हरला तर कोणीही ठोकावं, कोणीही विकावं.

गाव लोटलं. केझाया पुढच्या बाकावर बसली होती.

"पहिलं झाकण तुम्हीच बनवलंत, मिस्टर ट्रास्क?" लोवेलच्या वकिलाने विचारलं.

"हो."

वकिलाने ते जुनं झाकण घेतलं आणि बिजागरीतली चपटी पोलादी पट्टी ओढून वर धरली. "ही स्प्रिंग कुठून आणलीत?"

अझाहेल खिडकीबाहेर बघू लागला. मागच्या बायकांनी मात्र पट्टी ओळखली. तसल्याच पट्ट्या त्या रोज सकाळी पोटावर आवळत होत्या.

"दुकानातून?"

"नाही... कॉर्सेटमधून."

"कोणाच्या?"

"पोट बघा त्याचं, वकीलसाहेब!" मागून म्हातारा ईनॉक ओरडला. "त्याच्या नक्कीच नसणार!"

कोर्ट हसून लोळलं. अझाहेलचे कान असे पेटले की खिडक्यांवरचं बर्फ वितळलं आणि न्यायाधीशांनी कोट काढला. शपथेवर सांगा म्हणाल तर सांगणार नाही. पण मी तिथे होतो.

केझाया हसली नाही. उकळत्या पाकाने भाजलेले आपले हात ती मांडीवर ठेवून बघत होती. अझाहेलचीही नजर तिथेच गेली.

"बायकोच्या," तो म्हणाला.

"म्हणजे पट्टी त्यांची, डोकं तुमचं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटला असता. त्याने टोपी चुरगाळली.

"डोकंही तिचंच. मी फक्त शपथ घेतली."

न्यायाधीश म्हणाले, खोट्या शपथेचं पेटंट रद्द. आणि झाकण इतकी वर्षं बाजारात असल्यामुळे आता पेटंट बाईंच्या नावानेही मिळणार नाही.

घरी जाताना मीच त्यांची घोडागाडी हाकत होतो.

"मी तुला बुडवलं," अझाहेल म्हणाला.

"दोनदा," केझाया म्हणाली. "पहिल्या वेळी कोणी बघितलं नव्हतं, एवढंच."

आता प्रत्येक पत्रेवाला ते झाकण बनवतो. नाव तेवढं सगळे तिचं घेतात; हाती दुसरं काही आलं नाही. अझाहेल रस गोळा करायला निघाला की प्रत्येक बादलीपुढे आधी टोपी काढतो, मग झाकण उचलतो. परक्याच्या बादलीपुढेसुद्धा. एकदा त्याचा कान गोठून बर्फात पडला, तो मीच शोधून दिला.

"अहो, टोपी घाला!" केझाया कढईपाशी उभी राहून ओरडते. "तुम्ही गोठलात तर रस कोण आणणार?"

तो मुकाट्याने घालतो. पुढच्या बादलीपाशी पुन्हा काढतो.