अर्धेकाका दुकानातून निघतात

अर्धेकाकांचं आडनाव अर्धे नव्हतं. दुकानदाराने किंमत सांगितली की ते शांतपणे "अर्ध्यात द्या" म्हणत, आणि हे ते इतकी वर्षं म्हणत आले होते की त्यांचं खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

पण नुसतं अर्ध्यात मागणं कोणालाही जमतं. काकांची खरी विद्या त्यापुढची होती. दुकानदार "परवडत नाही" म्हणाला की काका हातातली वस्तू खाली ठेवत. जिथून उचलली होती तिथे नव्हे, जरा अलीकडे; म्हणजे दुकानदाराला ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात द्यायला सोपं जावं. मग "राहू दे" म्हणून निघत. हे निघणं बघण्यासारखं असे. दोन्ही हात पाठीमागे, पाऊल ओल्या फरशीवर टाकावं तसं, नजर समोर आणि कान मागे. घाई केली तर दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक गेलं. रेंगाळलं तर वाटतं गिऱ्हाईक अडलंय. या दोन्हींच्या मधली जी चाल असते ती काकांना सापडली होती. पायरी उतरायच्या आत मागून "अहो काका, या इकडे" अशी हाक येई, आणि काका कसल्या तरी दुसऱ्याच विचारात असल्यासारखे वळत.

नात्यात आणि गल्लीत या विद्येला मान होता. कोणाकडे मोठी खरेदी निघाली की शिडी मागायला यावं तसे लोक काकांना मागायला येत आणि काम झालं की घरी आणून सोडत. काकूंना मात्र कोणी काही विचारत नसे. काकूंच्या घरात अर्ध्या किमतीत मिळालेला फ्रिज होता, त्याचं दार भिंतीकडे उघडे. अर्ध्या किमतीतलं कपाट होतं, ते फिकट जांभळं होतं. काकूंना हवा होता तो रंग दुसऱ्या दुकानात होता, पण तिथल्या दुकानदाराने हाक मारली नव्हती. "तो माणूस धंद्याचा नव्हता," असं काका अजून सांगत.

काकू शिवणकाम करत आणि काकू डावखुऱ्या होत्या. लिहायचं आणि जेवायचं उजव्या हाताने, हे त्यांना लहानपणी चापट्या देऊन शिकवलं होतं, पण समोर कापड आलं की डावा हात आपला आपण पुढे येई. कात्री मात्र उजव्या हाताची. अशी कात्री डाव्या हातात धरली की तिचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं आणि रेघ झाकून टाकतं. ती दिसावी म्हणून काकूंना मान कलती करून पात्याच्या पलीकडे डोकवावं लागे. डोकावून डोकावून मान तशीच राहिली. लग्नानंतरच्या प्रत्येक फोटोत काकू एका बाजूला कललेल्या आहेत. नातेवाइकांना वाटे, बाई फार समजूतदार, समोरच्याचं किती मन लावून ऐकते. काकांनाही तसंच वाटे.

मोठ्या शहरातल्या खरेदी-सहलीचं पत्रक घरी आलं तेव्हा काकूंचं बोट त्यातल्या एका ओळीवर बराच वेळ थांबलं. जुन्या बाजारात कात्र्यांचं एक दुकान आहे, तिथे डाव्या हाताच्या कात्र्याही मिळतात, असं तिथे लिहिलं होतं. काका लगेच तयार झाले. एवढं मोठं शहर, आणि त्याने त्यांचं निघणं अजून पाहिलं नव्हतं.

बसमध्ये गाइड म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिच्या हातात पिवळी छत्री होती, गर्दीत सगळ्यांना दिसावी म्हणून. तिने प्रत्येकाला नवं पत्रक दिलं. काकांच्या शेजारची खिडकी खडखडत होती. त्यांनी पत्रकाची घट्ट घडी करून ती फटीत ठोकली आणि खिडकी गप्प बसवली.

"जुन्या बाजाराचा एक रिवाज आहे, तेवढा लक्षात ठेवा," गाइड म्हणाली. "गिऱ्हाईक एकदा निघालं की तिथे त्याला मागून हाक मारत नाहीत. जाणाऱ्याला हाक मारणं म्हणजे तुम्हाला तुमचं कळत नाही, असं म्हणण्यासारखं समजतात. तेव्हा घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर..."

"निघा," पुढच्या सीटवरून बँकवाल्या वहिनी म्हणाल्या. या काकांच्याच गल्लीतल्या. बँकेत जन्म काढलेल्या. त्या मागे वळल्या. "काका, तुमचं कसं हो होणार आता?"

"असा रिवाज प्रत्येक दुकानदार सांगतो, वहिनी," काका म्हणाले. "आणि मग हाक मारतो."

पहिलं दुकान बॅगांचं होतं. काकांनी एक चाकाची बॅग उघडली, तिची चेन पुढेमागे ओढली, तोंड वाकडं केलं आणि अर्ध्यात मागितली. दुकानदार नम्रपणे नाही म्हणाला. काकांनी बॅग जरा अलीकडे ठेवली, "राहू दे" म्हणाले आणि निघाले. पायरी आली. पायरी गेली. शेजारचं दुकान आलं, तेही गेलं. कान मागे लावून काका चालत राहिले ते बाजार संपून जिथे नुसत्या रिकाम्या हातगाड्या उभ्या होत्या तिथे पोचले. गाइड छत्री उंच धरून धावत आली.

"काका, चुकलात का?"

"नाही," काका म्हणाले. "पाय मोकळे करतोय."

दुसऱ्या दुकानात, दिव्यांच्या, त्यांनी चाल आणखी मंद केली. उंबऱ्यावर थांबून एका चपलेचा पट्टा काढून पुन्हा लावला. मग दुसऱ्या चपलेचा. दुकानदार आतून स्टूल घेऊन आला. "बसून लावा, सावकाश," म्हणाला आणि परत जाऊन दिवे पुसायला लागला. काका त्या स्टुलावर बराच वेळ बसले. शेवटी उठून स्टूल त्यांनी स्वतःच आत नेऊन ठेवलं.

जेवायला थांबले तेव्हा ही बातमी सगळ्या बसमध्ये झाली होती. लोक काकांशी फार हळू आवाजात बोलत होते. वहिनींनी स्वतःच्या पानातलं लोणचं त्यांना देऊ केलं.

"आता कात्रीचं दुकान," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसमध्येच बसता का?"

"का म्हणून?"

"उन्हाचं कशाला फिरायचं."

"ऊन कुठाय?"

काकूंनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "हे बघा. मला ती कात्री स्वस्त नकोय. मला ती कात्री हवीय."

या दोन वाक्यांतला फरक काकांना जरा उशिरा कळला, पण कळला. "बरं," ते म्हणाले. "मी तोंड उघडणार नाही. झालं समाधान?"

"शपथ?"

"अगं, तोंडच उघडायचं नाही तर शपथ कशी घेऊ?"

कात्र्यांचं दुकान अरुंद होतं. माणूस आत शिरला की दुकान भरलं. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत कात्र्या टांगलेल्या, कोपऱ्यात धार लावायचा दगड आणि त्यापुढे चामड्याचा एप्रन बांधलेला कात्रीवाला. काकूंनी डाव्या हाताचं नाव काढताच त्याने दगड थांबवला.

"ही एकच उरलीय," तो म्हणाला आणि ड्रॉवरमधून काढून दिली. कापडाचा तुकडाही दिला, त्यावर खडूने वळणावळणाची रेघ ओढून.

काकूंनी कात्री हातात घेतली. अंगठा आत गेला तो कुठे अडला नाही. कापड कापलं जाण्याचा एकसलग, शांत आवाज आला, रेघ वळली तिथे कात्री वळली, आणि तुकड्याचे दोन तुकडे झाले. काका बघत होते. काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते त्यांना कळेना. मग कळलं. काकूंची मान सरळ होती. क्षणभर त्यांना वाटलं, ही कोणी दुसरीच बाई आहे. ही बाई त्यांच्याहून जराशी उंचही होती.

"केवढ्याला?" काकूंनी विचारलं.

कात्रीवाल्याने किंमत सांगितली. ती भरपूर होती, पण काकूंच्या पर्समध्ये तेवढे होते, काकूंचे स्वतःचे.

तोंड न उघडण्याचा शब्द काकांनी तंतोतंत पाळला. बाकीच्या शरीराकडून मात्र कोणी शब्द घेतला नव्हता. किंमत कानावर पडली आणि सवयीने हात पुढे झाला, काकूंच्या हातातून त्याने कात्री काढून घेतली, फळीवर ठेवली, जरा अलीकडे. आणि पाय निघाले. काका त्यांच्याबरोबर गेले.

आपण बाहेर आलोय हे त्यांना गल्लीत आल्यावर समजलं. ते थांबले. आतून हाक येईल म्हणून नव्हे. आता काय करावं ते सुचेना म्हणून. काचेतून त्यांना दिसत होतं. कात्रीवाल्याने पात्यावरून तेलाचा बोळा फिरवला, कात्री फडक्यात गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. काकू काहीतरी म्हणाल्या. "घरचे निघाले ना, बाई," कात्रीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "निघालेल्यांना अडवू नये." ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

काकू बाहेर आल्या आणि काकांच्या शेजारून पुढे गेल्या. बस डावीकडे उभी होती. काकू उजवीकडे वळल्या.

हात पाठीमागे, पाऊल ओल्या फरशीवर टाकावं तसं. काकांना आपली चाल ओळखू आली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतक्या वर्षांत काहीतरी शिकली म्हणायची. आता ती बटणवाल्याच्या दुकानापर्यंत जाईल आणि मंद होईल, असा त्यांनी अंदाज केला. काकू बटणवाल्यापर्यंत गेल्या. मंद झाल्या नाहीत.

निघण्याचे दोन प्रकार असतात आणि ते लांबून सारखेच दिसतात. ज्याला परत यायचं असतं त्याचा कान मागे असतो, एवढाच काय तो फरक. तो दुकानदाराला ओळखता येतो, आणि काकांनाही येत असे, कारण ते त्याच धंद्यातले. काकूंची मान एरवी कलती, म्हणजे एक कान कायमचा काकांकडे. आज ती सरळ होती. दुकानातून बाहेर पडल्यावरही सरळच राहिली होती.

"अगं," काका म्हणाले. स्वतःलाच म्हटल्यासारखं. मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, थांब. परत ये."

दोन्ही बाजूंच्या दुकानांतून माणसं उंबऱ्यावर आली. त्या गल्लीत जाणाऱ्याला मागून हाक मारल्याचं बहुतेकांनी प्रथमच ऐकलं असावं. बटणवाल्याने मान खाली घातली. काकांची लाज त्यालाच वाटली होती.

काकू थांबल्या. वळल्या नाहीत. "कितीला?"

"तो म्हणतो तितक्याला."

"त्याचं मला कळलंय. मी तुम्हाला विचारतेय."

काकांनी विचार केला. "पूर्ण," ते म्हणाले. हा शब्द बाजारात त्यांच्या तोंडून कधी गेला नव्हता.

"आणि पाय?"

"पाय मी धरून ठेवतो."

आता काकू वळल्या. पण दुकान दुकान होतं आणि रिवाज रिवाज. निघालेलं गिऱ्हाईक परत आत कसं घेणार? तेवढ्यात गाइड छत्री घेऊन आली. काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. सकाळपासून ती हेच बघत होती. "निघालेलं गिऱ्हाईक परत येत नाही," ती म्हणाली, "पण नवं गिऱ्हाईक केव्हाही येऊ शकतं. फक्त उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं."

काका उंबऱ्यावर उभे राहिले. "आत येऊ का?"

"या, या," कात्रीवाला म्हणाला, जन्मात कधी पाहिलं नसल्यासारखा. "काय दाखवू?"

"कात्री. डाव्या हाताची."

"कोणासाठी?"

"हिच्यासाठी. ही डावखुरी आहे."

"कधीपासून?"

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"जन्मापासून," काकू म्हणाल्या. "यांना आज कळलं."

कात्रीवाल्याने ड्रॉवर उघडला, फडकं सोडलं, किंमत सांगितली. तीच. काकांनी दोन्ही हातांनी फळीची कड धरली होती आणि चपलेच्या आत अंगठे आवळले होते. "द्या," ते म्हणाले.

बसमध्ये वहिनी वाटच बघत होत्या. "काय काका? अर्ध्यात ना?"

"नाही," काका म्हणाले. "सगळ्यात."

कोणीतरी मागून पाण्याची बाटली पुढे केली. वहिनींनी खिडकीजवळ हवेला बसता का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काका खिडकीजवळच बसले आहेत.

काकूंनी कात्री मांडीवर घेतली होती आणि फडकं बाजूला करून अधूनमधून बघत होत्या. काकांना काही सुचेना, म्हणून त्यांनी खिडकीतली घडी काढली आणि पत्रक उलगडलं. त्याच्या कोपऱ्यात तुटक रेघांनी आखलेला एक चौकोन होता. आत कात्रीचं लहान चित्र, खाली दुकानाचं नाव आणि मजकूर: हा चौकोन कापून आणणाऱ्यास निम्म्या किमतीत.

खिडकी खडखडायला लागली. बस अजून सुटायची होती, इंजिन तेवढं सुरू झालं होतं. दारात गाइड सगळे आले का ते बघत होती.

"कात्री दे जरा," काका म्हणाले.

"कशाला?"

काकांनी चौकोन दाखवला. काकूंनी तो वाचला, मान सरळ ठेवून, शेवटपर्यंत. मग कात्रीवर फडकं गुंडाळलं आणि गाठ मारली.

"कापडाची कात्री आहे," त्या म्हणाल्या. "कागदाला लावत नाहीत."

चौकोन हातानेही फाडता आला असता. काकांनी बोटं त्या तुटक रेघेवर ठेवून पाहिलीही. मग त्यांनी पत्रकाची पुन्हा घट्ट घडी केली, ती खिडकीच्या फटीत ठोकली आणि खडखड थांबली.

"राहू दे," ते म्हणाले.

बस सुटली. काकांनी मागे पाहिलं नाही, आणि कानही मागे ठेवला नाही.