सातवं पान

सातवं पान रेगुलाने काढून टाकलं ते चांगल्या हेतूनेच. वाईट कामं बहुधा अशीच होतात.

ऊन वाढलंय, डोंगराच्या पोटातला बर्फ वितळतोय, दरड कोसळून वरची वाडी कधीही गाडली जाईल, असं भूगर्भतज्ज्ञाने त्या पानावर सरळ लिहिलं होतं. गावच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "लोक घाबरले की हट्टाला पेटतात. गोडीगुलाबीने घे." रेगुला गावच्या कचेरीत कारकून. तिने मान डोलावली. वाडी खाली हलवण्याच्या ठरावाची माहितीपुस्तिका सहाच पानांची छापली आणि टपालाने घरोघर गेली. वाडीत तिचे वडील बाल्त्स एकटेच राहत. त्यांची प्रत तिने स्वतः नेऊन दिली.

मे महिन्यातल्या रविवारी गाव मतदानाला चौकात उभं राहिलं. एरवी इथे गायरानाच्या कुंपणावरून तासभर तोंडं वाजतात. आज कोणी चकार शब्द काढला नाही.

"सातवं पान वाचलं नि झोपच उडाली गं," शेजारची आफ्रा कुजबुजली. "बरं केलंत, छापलंत."

रेगुलाने वळून पाहिलं. जो तो शेवटचं पान उघडून उभा होता. सगळ्यांचे ओठ एकाच वेळी हलत होते.

"ठरावाच्या बाजूने?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

हिरव्या मतपत्रिका एका दमात वर गेल्या. बाबांचा हात तेवढा खाली.

"बाबा, हात वर करा ना!"

"का म्हणून? तू दिलेलं अक्षरन् अक्षर वाचलंय मी. भिण्यासारखं काही नाही त्यात. जाणाऱ्यांनी खुशाल जावं."

ठरावात तशी मुभाच होती, ज्याला राहायचं त्याने आपल्या जबाबदारीवर राहावं. रेगुलाने आफ्राच्या हातातली पुस्तिका ओढून बाबांपुढे धरली. दोघांना सहाच पानं दिसली, मग कोरं मलपृष्ठ. आफ्रा मात्र त्या कोऱ्या कागदावर बोट फिरवत वाचू लागली, ओळीमागून ओळ. रेगुलाने काढलेल्याच ओळी.

"डोकं फिरलंय का हिचं?" बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा. ते पान होतं. मीच काढलं. सगळं खरं होतं."

बाबांनी मतपत्रिका खिशात कोंबली.

"तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेयस? मी कसं ओळखायचं, पोरी?"

त्यांनी टोपी घातली आणि वाडीची वाट धरली. ती मागे धावली, बाही धरून रडली, पायवाटेवर आडवी उभी राहिली. ते तिला बाजूला सारून चढत गेले. सबंध गाव खाली उभं होतं, आणि एकानेही त्यांना हाक मारली नाही.