इरावती, दुसरा मजला, दार्सैत

माझा नवरा ओमप्रकाश ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे, कारण वाक्यं लहान होतात आणि त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे.

अकरा वर्षं तो दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी मस्कतमध्ये दार्सैतला घरी येतो आणि शनिवारी दुपारी दोनला परत निघतो. वर्षाची सुट्टी भारतात जाते आणि तिथे आमच्या दोघांच्या मध्ये कायम दहा-बारा नातेवाईक असतात. इथे मध्ये मुलगी असायची. ती, आकांक्षा, गेल्या वर्षी पुण्याला कॉलेजात गेली.

जानेवारीत कंपनीने त्याला मस्कतच्या ऑफिसात जागा देऊ केली. म्हणजे रोज संध्याकाळी घरी. हो की नाही ते फेब्रुवारी संपायच्या आत कळवायचं होतं. तीन आठवडे तो मला विचारत होता, "तुला काय वाटतं?" आणि मी त्याला विचारत होते, "तुम्हाला काय वाटतं?" रोज एकत्र राहणं आम्हाला झेपेल का, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मला तर त्याची भीतीच वाटत होती. एवढ्या वर्षांनी आपल्याला आपला नवरा आवडत नाही असं निघालं तर करायचं काय?

शेवटी तो म्हणाला, "ट्रायल रन घेऊ. नवीन प्लांट आधी चालवून बघतात, मगच ताब्यात घेतात."

असा ब्रह्मदेशाच्या बोटीचा विचार पुढे आला. इरावती नदीतून बारा दिवस, मंडालेपासून यांगूनपर्यंत. केबिन एक, नातेवाईक नाहीत, मध्येच उतरून जायची सोय नाही. शिवाय आम्ही बौद्ध. विपश्यना ज्या देशाने इतकी शतकं सांभाळली तो देश बघायचा होताच. तसे आम्ही एकदा इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस एकत्र होतो. तो पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही. त्या दहा दिवसांत आमचं एकही भांडण झालं नाही, आणि तो आमच्या लग्नातला सर्वांत सुखाचा काळ होता असं ओमप्रकाश अजून चारचौघांत सांगतो.

इथल्याच रुवीच्या जितेश ट्रॅव्हलवाल्याने बुकिंग केलं. "मॅडम, उधर ऊपर थोडी गडबड है, लेकिन बोट जहाँ जाती है वहाँ एकदम शांत." शांततेबाबत त्याचं बरोबर निघालं. निघायच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला. नदीचं पाणी उतरलं होतं आणि आमची बोट आधीच्या फेरीतच वाळूवर बसली होती. पाऊस येईपर्यंत ती तिथेच बसणार होती.

मी म्हटलं, सुट्टी रद्द करा. तर ते शक्य नव्हतं. त्याच्या जागी बदली माणूस दुक्मला येऊन कामाला लागला होता आणि कंपनीच्या कँपवर ओमप्रकाशच्याच खोलीत, ओमप्रकाशच्याच बेडवर झोपत होता. जगात माझ्या नवऱ्याला झोपायला दार्सैतचा दुसरा मजला सोडून कुठेही जागा उरली नव्हती.

"ट्रायल रन इथेच करू," तो म्हणाला. "शेड्यूल स्लिप होता कामा नये."

आणि त्याने बोटीचा बारा दिवसांचा कार्यक्रम छापून फ्रिजवर लावला.

दिवस पहिला, मंगळवार. स्वागत-पेय. त्याने मला दाराबाहेर उभं केलं, दार उघडलं आणि ताकाचा ग्लास दिला. मग सुरक्षेच्या सूचना दिल्या. या बोटीच्या नव्हत्या, त्याच्या साईटच्या होत्या. तिथे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी कुठे धोका आहे ते सगळ्यांना सांगतात. मला कळलं की स्वयंपाकघरात ओली फरशी, उघडी सुरी आणि एक एक्सपायर झालेला गॅसचा पाइप आहे. पाइप खरंच एक्सपायर झालेला होता. त्याचा मला जास्त राग आला.

दिवस दुसरा. डेकवरून सूर्योदय. आम्ही पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये उभे राहिलो, त्रिशरण पंचशील म्हटलं आणि खाली आलो. संध्याकाळी ब्रह्मदेशाच्या इतिहासावर व्याख्यान होतं. ओमप्रकाशने मोबाइलवरून चाळीस मिनिटं वाचून दाखवलं. प्रवाशांपैकी मी एकटीच हजर होते आणि अकराव्या शतकात मला झोप लागली.

एवढ्यात मला त्याच्याबद्दल बरंच काही कळलं. तो साडेचारला उठतो. आपलं ताट स्वतः धुऊन वेगळ्या कोपऱ्यात ठेवतो, कुणी नेऊ नये म्हणून. घरातल्या दुधाच्या बाटलीवर त्याने मार्करने 'ओपी' लिहिलं. मी विचारलं, "चोरणार कोण? मी?" तर म्हणाला, "सॉरी, कँपची सवय आहे." त्याला माझ्याबद्दल कळलं की मी भाजीशी बोलते, टीव्ही लावल्याशिवाय जेवत नाही आणि पलंगावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी झोपते. तो काही बोलला नाही. पलंगाच्या उरलेल्या त्रिकोणात तीन दिवस गुपचूप झोपला. काही बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

दिवस चौथा, शुक्रवार. ग्रामीण जीवनाचं दर्शन. त्यासाठी आम्ही गाडीने खाबुऱ्याला गेलो. वाटेत एकही वाहती नदी लागली नाही. ओमानमध्ये नदी नाही, हे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा खटकलं. खाबुऱ्याला एका शेतात एक बांगलादेशी माणूस गवताला पाणी देत होता. आम्ही कुंपणाशी उभे राहून त्याच्याकडे बघत राहिलो, कार्यक्रमात तसंच लिहिलं होतं. थोड्या वेळाने तो अवघडला आणि त्याने येऊन आम्हाला गाजरं दिली. परतीच्या दोन तासांत आम्ही त्या गाजरांबद्दल बोललो. दुसरा विषय नव्हता.

पाचवा दिवस शनिवार होता.

सकाळी मी उठले, शेंगदाण्याची चटणी कुटली, ठेचा केला, भाजणीचं पीठ पिशवीत भरलं, आठ पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या. ओमप्रकाशने कपड्यांना इस्त्री केली आणि बॅग भरली. दीडला जेवलो. दोनला तो म्हणाला, "चला, यल्ला." मी म्हटलं, "सावकाश चालवा." तो गेला. मी पंखा वाढवला, टीव्ही लावला आणि पलंगावर तिरकी आडवी झाले. अंग सैल झालं. मला बरं वाटलं, हे मी स्पष्टच सांगते. पाच दिवसांत पहिल्यांदा घर माझं झालं होतं.

चारला त्याचा फोन आला. वाटेत सिनावला तो चहाला थांबतो आणि तिथून दर वेळी फोन करतो.

"सिनाव आलं."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग चहा करावा म्हणून दूध काढायला गेले. फ्रिजवर कार्यक्रम लावलेला होता. दिवस पाचवा: बगान. दोन हजारांहून अधिक प्राचीन मंदिरं. सायकलने.

मी तिथेच उभी राहिले. मग त्याला फोन लावला.

"अहो, आज बगान आहे."

पलीकडून ट्रकांचे आवाज येत होते.

"हो की," तो म्हणाला.

"तुमची सुट्टी आहे. तुमच्या बेडवर दुसरा माणूस झोपलाय. तुम्ही जाऊन झोपणार कुठे होतात?"

"माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्याही नाही. मी पोळ्या बांधून दिल्या."

 मग तो अगदी हळू म्हणाला, "वसुंधरा, खरं सांगू का? गाडी हायवेला लागली तेव्हा मला बरं वाटलं."

मी म्हटलं, "मलाही."

इतकी वर्षं मी या माणसाशी खोटं बोलले नाही, कारण दोन दिवसांत खोटं बोलायला वेळच पुरत नाही. पण इतकं खरंही कधी बोलले नव्हते. मला रडू आलं आणि ते त्याला फोनवर ऐकू गेलं.

"मी येऊ का परत?" त्याने विचारलं.

"या. पोळ्या घेऊन या."

तो सातच्या आत आला. दुक्मसाठी बांधलेलं जेवण आम्ही घरी बसून खाल्लं आणि प्रश्न निकालात काढला. दोघांनाही एकमेकांपासून सुटका हवी असते, हे कळलं होतं. यात कुणाचा अपमान नव्हता. मस्कतची जागा नको. रविवारी सकाळी त्याने 'नाही' लिहून मेल पाठवला, मी शेजारी बसून स्पेलिंग तपासलं. सोमवारी उत्तर आलं की जागा दुसऱ्या एकाला दिली. "खलास," ओमप्रकाश म्हणाला. आम्ही दोघं हलके झालो.

पण सुट्टी अजून सहा दिवस होती, आणि आता त्यात सिद्ध करायचं काही उरलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी तो गॅसचा पाइप बदलत होता आणि मी तिथेच भाजीशी बोलत होते. तो खालून म्हणाला, "दुधीला सांग, मला आवडत नाही तो." मी दुधीला सांगितलं. मंगळवारी त्याने त्रिकोणातून मला कोपराने ढकललं आणि म्हणाला, "सरक गं, हा काय कँप आहे?" मी सरकले. बुधवारी आम्ही भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून, चांगलं तासभर, आणि नंतर रुवीला जाऊन शोरमा खाल्ला. गुरुवारी त्याने विचारलं की आकांक्षा लहान असताना आजारी पडायची तेव्हा मी एकटी काय करायचे. हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. तो ऐकत राहिला, फोन दोनदा वाजला तरी उचलला नाही.

बारावा दिवस. यांगून, प्रवास समाप्त. शनिवार.

चटणी, ठेचा, पीठ, पोळ्या. दोनला तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. "चला," म्हणाला, पण हलला नाही. मग गेला. मी पंखा वाढवला, टीव्ही लावला, पलंगावर तिरकी आडवी झाले. बरं वाटलं नाही. पुन्हा एकदा नीट तिरकी होऊन बघितलं. नाही वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझा नवरा हवा होता. मस्कतच्या जागेवर दुसरा माणूस उद्या सकाळी आठला रुजू होणार होता.

चारला फोन आला.

"सिनाव आलं."

मला 'बरं' म्हणता येईना. तोही फोन ठेवेना. चहा ओतल्याचा आवाज आला, कुणीतरी साखर विचारली, त्याने नको म्हटलं.

"पुढच्या सुट्टीला येतो," तो म्हणाला. "गुरुवारी."

"बुधवारी निघता येतं का बघा," मी म्हटलं.