ओठावरचा तेरावा थेंब

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो, आणि माझी धडधड अजून थांबलेली नाही. लाकडाच्या फळीला कसली आली धडधड, असे तुम्ही म्हणाल. पण पाचशे वर्षे जे आपण आपले सुख समजत होतो, ते भलतेच काही निघाले, तर फळीसुद्धा हादरते. त्यातून मी मुळातच जरा हळवे आहे.

माझ्यावर मेरीमाता आहे आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडात झोपलेला बाळ येशू आहे. बाळाच्या सैल मुठीत दोरी आहे, दोरीला लाल तोंडाचा छोटा पक्षी बांधला आहे आणि खिडकीच्या कठड्यावर एक माशी बसली आहे. ती माशी इतकी हुबेहूब आहे की एका साहेबांनी तिला हुसकावण्यासाठी मला टोपीचा फटका मारला होता. नंतर ते ओशाळले, पण फटका बसला तो बसलाच.

माझा जन्म एका चित्रकाराच्या खोलीत झाला. त्याने फळी तासली, तिच्यावर पांढरा लेप दिला, तो घासून गुळगुळीत केला आणि अंड्याच्या बलकात रंग कालवून मला घडवले. मेरीमातेसाठी त्याची बायकोच बसली होती. मांडीवर त्यांचेच दहा महिन्यांचे पोर होते. चित्र करवून घेणाऱ्या धर्मगुरूंनी एक यादी धाडली होती. कापड पांढरेच हवे, पक्षी लाल तोंडाचाच हवा, माशी हवी आणि बाळाचे डोळे मिटलेले हवेत. मला वाटले, असतात मोठ्या माणसांच्या एकेक आवडीनिवडी. चित्रकाराची बायको मात्र मला पाहून संतापली.

"माझं पोर असं निपचित काय काढलंय? बघवत नाही मला."

"यादीत आहे तसं काढलंय," चित्रकार म्हणाला.

"यादी लिहिणाऱ्याला पोरं आहेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकाराने सर्वांत बारीक कुंचला घेतला आणि जाड पांढऱ्या रंगाचे दोन थेंब ठेवले. एक बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात आणि दुसरा हनुवटीखाली कापडावर. ते दूध होते. बायकोने वाकून पाहिले, तिचा चेहरा निवळला आणि ती मांडीवरच्या खऱ्या पोराचे तोंड पुसू लागली. माझ्यावर यादीबाहेरचे एवढेच आहे.

पुढे मी प्रार्थनाघरात गेले. माझ्यासमोर मेणबत्त्या लागत आणि बायका रडत. त्या आनंदाने रडतात, अशी माझी पक्की समजूत होती. किती हा भाबडेपणा! मेणाचे थेंब माझ्यावर उडाले, धुराने मी काळवंडले, वरचे रोगण पिवळे पडले. मग नवी चित्रे आली आणि मला एका कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभे करण्यात आले. तिथे मी कित्येक वर्षे चुना बघत काढली. शेवटी कोणीतरी मला संग्रहालयात आणले.

तिथे मला मावशी भेटल्या. मावशी आमच्या दालनाच्या राखणदार. त्यांचे स्वतःचे बाळ अकरा महिन्यांचे असतानाच देवाघरी गेले होते. झाडणाऱ्या बाईंना त्यांनी एकदाच हे सांगितले, ते मी ऐकले. गेली बावीस वर्षे त्या माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत. कोणी मोठ्याने बोलले की बोट ओठावर ठेवून म्हणत, "हळू बोला हो, बाळ झोपलंय." लोक हसत, पण आवाज खाली आणत. सगळे त्यांना हळूबोला मावशी म्हणत आणि त्यांना त्याचा राग नव्हता. मित्रांनो, इतकी माया मला जन्मदात्या चित्रकारानेही लावली नव्हती.

आणि मग त्या मंगळवारी प्राध्यापक आले. बरोबर विद्यार्थ्यांचा घोळका होता. मी नेहमीसारखे कौतुक ऐकायला सज्ज झाले.

"हे चित्र गोड वाटतं ना?" ते म्हणाले. "गोड नाही. हे मरणाचं चित्र आहे. पांढरं कापड म्हणजे कफन. पक्ष्याचं लाल तोंड म्हणजे रक्त. क्रुसावरच्या येशूच्या कपाळातला काटा ह्या पक्ष्यानं उपसला आणि रक्त त्याच्या तोंडावर उडालं, अशी कथा आहे. माशी म्हणजे कुजणं. मिटलेले डोळे, सैल पडलेली मूठ, सगळं पुढच्या मरणाची खूण. आईला ते आधीच ठाऊक आहे, म्हणून ती हसत नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला पाय नाहीत, तरी सरकली. ती यादी! त्या रडणाऱ्या बायका! पाचशे वर्षे मी अंगावर कफन घेऊन मिरवत होते आणि एकानेही मला सांगितले नव्हते.

मावशी उठल्या तशी त्यांची खुर्ची मागे आपटली.

"सर, म्हणजे हे मेलेलं आहे?"

"तसं नाही हो मावशी. पण अर्थ तोच घ्यायचा."

"बावीस वर्षं मी मेलेल्या मुलाला झोपवतेय?"

प्राध्यापक वाईट नव्हते. ते गडबडले, चष्मा काढून पुसू लागले. पण मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्याच दुपारी त्यांनी नाण्यांच्या दालनात बदली मागितली.

बदली व्हायच्या आधीच मला साफसफाईसाठी खाली नेण्यात आले. आमच्याकडे असा नियम आहे की चित्र भिंतीवरून उतरले की परत चढेपर्यंत त्या दालनाच्या राखणदाराने त्याच्यापाशी बसायचे. चित्र कोणा एकाच्या हाती सोडायचे नाही. त्यामुळे मावशींना यावे लागले. त्या माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसल्या. ती पाठ बघणे मला कपाटामागच्या चुन्याहून जड गेले.

मला दुरुस्त करणाऱ्या तरुण बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, जिभेवर ओला केला आणि माझ्यावरून फिरवला. थुंकी! माझ्यावर! थुंकीने काजळी छान निघते म्हणे. मी तो अपमान गिळला. मग त्यांनी बारीक पाते घेतले आणि मेणाचे थेंब खरवडून एका काचेच्या बशीत टाकू लागल्या. हात हलका होता. त्या मोठ्याने मोजत होत्या.

"दहा. अकरा. हा कापडावरचा, हनुवटीखाली. बारा."

मी किंचाळले, मित्रांनो. फळीची किंचाळी कोणाला ऐकू येणार? पिवळ्या रोगणाखाली तो थेंब मेणासारखाच दिसत होता. त्यांनी दूध खरवडले होते.

"आता तेरावा. ओठावरचा." पाते खाली येऊ लागले.

"ओठावर?" मावशींची पाठ ताठ झाली. "ओठावर कुठे?"

"कोपऱ्यात. मेण आहे, मावशी."

मावशी वळल्या. इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिले, तेही इतक्या जवळून की त्यांचा श्वास मला लागला.

"बाई, हात काढा आधी," त्या म्हणाल्या. "मेण नाही ते. दूध आहे."

"दूध?"

"पिता पिता झोपलेल्या पोराच्या ओठाला असंच राहतं. आणि ही मूठ बघा. भुकेलं पोर मुठी आवळून झोपतं. पोट भरलं की बोटं अशी सैल सुटतात. ह्याला आत्ता पाजलंय."

डॉक्टरीणबाईंनी सुई कोमट करून थेंबाला टेकवली. मेण असते तर मऊ झाले असते. थेंब तसाच राहिला. त्यांनी काचेच्या बशीकडे पाहिले.

"बारावा," त्या पुटपुटल्या. "मावशी, मी बारावा काढला."

त्यांनी बशी गरम केली. सगळे मेण वितळले आणि तळाशी एक पांढरा कण उरला, तोही दुभंगलेला. तो चिमट्याने उचलून पुन्हा चिकटवताना अर्धा चुरा झाला. माझ्या कापडावर आता दुधाचा अर्धाच थेंब आहे.

मी भिंतीवर परतले आणि माझ्याशेजारी खुर्ची आली. मावशींनी बदलीचा अर्ज मागे घेतला होता. थेंबाची हकीकत प्राध्यापकांच्या कानावर गेली होती. पुढच्या वर्गाला घेऊन ते आले, त्यांनी कफन सांगितले, रक्त सांगितले, माशी सांगितली. त्यात काही खोटे नव्हते. मग ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "राहिलेलं मावशी सांगतील."

मावशींनी बोट माझ्या बाळाच्या ओठाकडे नेले, पण टेकवले नाही.

"तिला सगळं माहीत आहे," त्या म्हणाल्या, "तरी तिनं पाजलंय."

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा एखादा डाग खरवडण्याआधी जरा थांबत जा. तिच्याशेजारी रोज बसणाऱ्या माणसाला विचारत जा. आणि माझ्या दालनात आलात, तर हळू बोला. बाळ नुकतेच झोपले आहे.