बाराव्या दिवसाचा माईक

मित्रांनो, मंठ्याच्या आठवडी बाजारात लिंबाला टांगलेला भोंगा दिसतो ना, त्याचा जुना माईक तो मी. माझा मालक पुंजाराम. त्यानं जालन्याहून आणलं तेव्हा माझी जाळी नुसती लखलखायची. सभा, लग्नं, कीर्तनं, कुठं म्हणून गेलो नाही!

मग दिल्लीचे एक मोठे नेते आले. पुंजारामनं त्यांचं नाव पुकारलं, ते तासभर बोलले आणि बाराव्या दिवशी वारले. नऊ वर्षांनी दुसरे आले, तेही बाराव्या दिवशीच गेले. झालं! या माईकात ज्याचं नाव निघतं त्याचे बाराच दिवस उरतात, असं गावानं ठरवून टाकलं. अहो, शेकडो पुढारी माझ्यात घसा फोडून गेले, ते ठणठणीत आहेत. त्यांना कोण मोजतो? पुंजाराम दर बाजारी स्वतःचं नाव घेतो, तर म्हणे मालकाला लागत नाही. तेव्हापासून मी फक्त कांद्या-वांग्यांचे भाव सांगतो. पोर हरवलं तरी नाव घ्यायचं नाही, कपड्यांचा रंग तेवढा सांगायचा.

अकरा दिवसांपूर्वी भर बाजारात शीतलची चार वर्षांची साक्षी हरवली. पुंजारामनं पिवळा फ्रॉक म्हणून पुकारलं. लोकांनी दोन पोरी आणल्या, दोन्ही दुसऱ्यांच्या. तास गेला. पलीकडं बिनकठड्याची विहीर. पुंजाराम म्हणाला, आता नाव घेऊ दे. शीतलनं त्याचा हात धरला, नको म्हणाली. माझ्या भीतीनं आई लेकराचं नाव घेईना! फार लाज वाटली मला.

मग तिनंच मला ओढून तोंडाशी धरलं.

"मी शीतल बोलून राह्यले. शीतल. न्यायचं तर मला ने, तिला न्हाई. पोरी, माय हितं लिंबाखाली हाय. ये बाई."

बांगड्यांच्या दुकानात बाजेखाली झोपलेली साक्षी त्या आवाजानं उठून रडायला लागली. दुकानवाल्या कांताबाईनं तिला कडेवर आणून दिलं.

मित्रांनो, माझी धूळ नका पुसू, खुशाल अडगळीत टाका. पण उद्या बारावा दिवस, कुणीतरी आजच शीतलच्या दारी जा हो. जे माझ्यात बोलून जगले, त्यांची नावं तिला सांगा. मला सांगता येत नाही, कुणी बोललं तरच मी बोलतो. कांताबाई आज घरी येऊन पुंजारामला सांगत होती, शीतलला घास उतरत नाही. काल तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि लेकीची वेणी कशी घालायची ते शिकवलं.